रावजीशेठचा ड्रॉवर आणि तुळसाचं लायसन

तुळसा गोताडचं अवजड गाडीचं लायसन पोस्टानं आलं, त्या दिवशी लांज्याच्या रिक्षा स्टँडवर पेढे वाटले गेले आणि पेढा तोंडात असतानाच पैज लागली. 'तुळसा गणपतीच्या आत परत रिक्षात बसंल,' म्हणणारे नऊ जण. 'मेली तरी बसणार नाय,' म्हणणारी एकटी तुळसा. आणि जिच्यावर पैज लागलीय तिचं मत धरायचं नाही, असं त्या नऊ जणांनी नऊ विरुद्ध शून्य मतांनी ठरवून टाकलं.

"तुझा नंबर आमी ठेवतो हां तुळसा," एकजण म्हणाला. "सातवा. कोणाला नाय देत."

"ठेव की. माझ्या नावानं फुलं पण वाहत जा रोज."

तुळसा सत्तावीस वर्षांची. नाव आज्जीचं, आवाज ट्रकच्या हॉर्नचा. पाच वर्षं तिनं या स्टँडवर रिक्षा चालवली. बाजाराच्या म्हाताऱ्या, शाळेची पोरं, काजूच्या गोणी, एकदा तर अडलेली शेळीसुद्धा तिनं पोचवली. पण हायवेवरून दहा चाकांची गाडी गेली की हिची मान तिच्या मागोमाग लांबपर्यंत वळत जायची. पाठीमागचं गिऱ्हाईक ओरडायचं, "बाय गो, फुडं बघ!"

स्टँडच्या बाकावर, बदामाच्या झाडाखाली, तिचे वडील रोज सकाळी येऊन बसतात. लवू गोताड. एकोणीस वर्षं ट्रक चालवला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तसे सात वर्षांपूर्वी घरी बसले. लवूअण्णांचं बोलणं म्हणजे थंडीतलं डिझेल इंजिन. आधी नुसती घरघर, मग एक खोकला, मग थोडा धूर, आणि एवढं सगळं झाल्यावर एकच वाक्य बाहेर पडतं: "बघ बाय, तुझं तू." लेकीनं रिक्षा घेतली तेव्हा हेच. ट्रक शिकायला गेली तेव्हा हेच. आणि एक सवय त्यांची अजून गेली नाही. कुठं खाकी कपडे दिसले की त्यांचा उजवा हात आपोआप सदऱ्याच्या खिशावर जातो. चाचपतो. खिशात तंबाखूच्या पुडीखेरीज काही नसतं. हात निमूट खाली येतो.

तुळसाला ट्रक शिकवला विठूमास्तरांनी. मास्तर एसटीतून निवृत्त. खुर्चीवर बसून बोलतानाही त्यांचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबत असतो. वाक्य जितकं महत्त्वाचं तितका ब्रेक कचकचून. लायसन हातात घेऊन तुळसा पाया पडायला गेली, तेव्हा त्यांनी जमीन जवळजवळ फोडलीच.

"आता कंपनी शोधशील. तर ऐक. पहिली कंपनी आणि पहिलं सासर बाहेरचा रंग बघून करायचं नाय. आत जायचं आणि चूल बघायची."

"मास्तर, ट्रकवाल्यांकडं कसली चूल?"

"तुझं लायसन कुठं ठेवतात, ती चूल." ब्रेक. "ओरिजिनल जमा करून घेतात. सगळेच घेतात. का? तर सीझनच्या मध्येच ड्रायव्हर पळू नये म्हणून. एकदा का तुझं कार्ड त्यांच्या ड्रॉवरात गेलं, की गाडी तू नाय चालवत. ड्रॉवर तुला चालवतो."

तुळसाला हे नव्यानं सांगायला नकोच होतं. ती अकरा वर्षांची होती त्या सालची गोष्ट. गणपती आले, अण्णा नाही आले. मखर काकानं बांधलं, मूर्ती काकानं डोक्यावरून आणली. अण्णा तेव्हा चिपळूणला होते, भरल्या गाडीसकट. शेठ म्हणाला, आधी वाशी, मग गणपती. गाडी तिथंच लावून चालते झाले असते तर? लायसन शेठच्या ड्रॉवरात. लायसनाशिवाय दुसरा कोण उभा करणार? ते वाशीला गेले, परत आले, पाचव्या दिवशी संध्याकाळी गावच्या नदीवर पोचले. घरचा गणपती त्यांना पाण्यात भेटला. नुसता मुकुट वर होता. अण्णांनी चपला न काढताच हात जोडले. तुळसानं ते पाहिलं होतं, आणि त्याच दिवशी तिनं ठरवलं होतं की एक दिवस आपण ट्रक चालवायचा. का, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं. ट्रकवर राग काढायला बहुतेक.

तर, कंपनी शोधायला निघाली.

पहिला गाठला चिरेवाला. जांभ्या दगडाच्या खाणी आणि चिरे वाहायच्या सहा गाड्या. मालक संदेशशेठ वयानं तिच्याएवढाच, पण बोलतो असा की गावच्या क्रिकेट सामन्याचा माईक कायम त्याच्याच हातात आहे. "आणिऽऽ आपल्यासमोर येत आहेतऽऽ तुळसाताई!" तो ऑफिसात एकटाच होता, तरी. लायसन बघायच्या आधीच त्यानं मोबाईलवर बॅनर दाखवला. ट्रकसमोर तुळसाचा फोटो, फेसबुकवरून उचललेला, मागं डोंगर, वर लाल अक्षरांत 'कोकणची वाघीण'.

"छान," तुळसा म्हणाली. "गाडी कुठली माझी?"

"ही काय, फोटोतली!"

"चालवायला?"

"चालवायला रामा आहे की. जुना माणूस, हात बसलाय. तू बाजूला बसायचं, खिडकीतनं हात करायचा. काय व्हायरल होईल ताई!"

"मग रामालाच वाघीण करा," म्हणून तुळसा उठली. "हात मी रिक्षातनं पण करते."

दुसरी कंपनी एमआयडीसीत, काचेची. आत इतकी गार हवा की तुळसाच्या घामाची बर्फी झाली. गळ्यात पट्टा अडकवलेला एक पोरगा हसत आला. त्याचं मराठी मुंबईहून निघालेलं, मध्ये कुठंतरी इंग्रजीच्या डायव्हर्जनमध्ये अडकलेलं.

"मॅम, ॲक्च्युअली आम्ही खूपच एक्साइटेड आहोत. लेडी ड्रायव्हर म्हणजे, वॉव. एक्स्पीरियन्स किती आहे?"

"रिक्षा पाच वर्षं."

"नाही, हेवीचा. आम्हाला मिनिमम टू इयर्स लागतो."

"तो मिळणार कुठं?"

"दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीत, मॅम."

"ती पण दोन वर्षं मागंल."

"येस मॅम," पोरगा एकदम खूश झाला, समोरच्याला गणित समजलं की मास्तर होतात तसा. "इंडस्ट्री स्टँडर्ड आहे ते."

तुळसा बाहेर आली. तापलेल्या डांबरावर उभी राहिली. निदान हा चटका तरी खरा होता.

त्या संध्याकाळी बाकावर लवूअण्णांचं इंजिन बराच वेळ घरघरलं. खोकला झाला, धूर झाला. "हातखंब्याला जा," ते म्हणाले. "रावजीशेठकडं."

"तुमच्या शेठकडं?"

"मानूस वायट नाय. गाडीचा टायर गोटा झाला की बदलतो, त्येच्यासाठी भांडायला लागत नाय. जेवायला वेळ देतो. गाडी हातात देतो." मग थांबून, दुसरीकडं बघत: "लायसन मागंल. दे. सगळेच देतात. त्येच्यात काय एवढं."

"तुमचं कुठाय अण्णा?"

हात खिशाकडं निघाला आणि अर्ध्यावर थांबला. "आसंल तितंच. आता काय करायचंय? डोळे नायत. लायसनाचं लोणचं घालायचंय?"

हातखंबा तिठ्यावर, जिथं रत्नागिरीचा रस्ता हायवेला मिळतो, तिथून थोडं आत रावजीशेठचा अड्डा. अकरा गाड्या, पत्र्याचं गोडाऊन, एक फणस, एक विहीर. रस्त्याच्या कामाची तांबडी धूळ सगळ्यांवर सारखी. आंब्याचा सीझन ऐन भरात, त्यामुळे पेट्यांच्या थप्प्या फणसाच्या सावलीत लागलेल्या आणि ड्रायव्हर पोरं जेवून दात कोरत बसलेली. तुळसानं आधी ऑफिसात न जाता गाड्यांना चक्कर मारली. टायरांवरून हात फिरवला, भाकरीचं पीठ बघावं तसा. पीठ चांगलं होतं. ताडपत्र्या नीट बांधलेल्या, दिवे जागच्या जागी. अण्णा खोटं बोलत नव्हते.

रावजीशेठ साठीचे. बोलायच्या आधी घसा असा खाकरतात की बाहेरच्या पोरांना वाटावं गाडी सुरू झाली. प्रत्येक वाक्याला शेवटी 'काय?' लावतात, पण उत्तर मागत नाहीत.

"लवूची पोरगी. काय? आठवतंय मला. एवढीशी होतीस. बोलणं मला जमत नाय, बाईमाणूस-बाप्यामाणूस पण मला कळत नाय. गाडी कळते. काय? ती बघ, उभी हाय. उतारावरनं रिव्हर्स घे, गोडाऊनच्या दाराला लाव. डावीकडं फणस, उजवीकडं विहीर. दोघांपैकी कोणाला लागलीस तर घरी. काय?"

अकरा ड्रायव्हर दात कोरायचे थांबले. तुळसा चढली. शिवा नावाचा एक जण, अड्ड्यातला सगळ्यात मोठ्या गळ्याचा, धावत मागं गेला आणि पत्रा बडवत सुरू झाला: "येऊ दे, येऊ दे, येऊ देऽऽ, काट मार, काट मार गो, आगो फणऽऽस!"

खिडकीतनं तुळसाचं डोकं बाहेर आलं. "तू गप ऱ्हा रे वाईच. दोन आरसे हायत, तिसरा नको."

गाडी मागं आली. एकदा थांबली, सरळ झाली, परत आली. फणसाचं एक पान हललं, तेही वाऱ्यानं. मागचं फळकूट गोडाऊनच्या उंबऱ्याला असं टेकलं की मध्ये चार बोटं राहिली. शिवानं बोटं घालून बघितली. "चारच, शेठ."

रावजीशेठनी घसा खाकरला. "उद्यापासनं ये. काय? नवी गाडी देतो, ही निळी. जेवण वेळेवर. झोप आली तर गाडी बाजूला घ्यायची आणि झोपायचं, मला फोन करून विचारायचं नाय." तुळसाला क्षणभर वाटलं, चूल सापडली. मग शेठनी टेबलाचा ड्रॉवर ओढला. "लायसन."

"बघा की."

"बघायला नाय. ठेवायला."

"ते माझ्याकडं ऱ्हाईल शेठ. रस्त्यात पोलीस मागतो."

"आता कोण कार्ड बघतंय? फोनवर असतं ना सगळं. पोलिसाला फोनवर दाखव. काय?"

"मग तुम्ही पण फोनवर ठेवा. पाठवते फोटो."

दाराशी जमलेल्या ड्रायव्हरांमध्ये कोणीतरी खुसखुसलं आणि खोकल्यात लपवलं. रावजीशेठचे कान तांबडे झाले, पण आवाज नाही चढला. "हे बघ बाय. माझ्याकडं मी लायसन घेत नाय. देव घेतो. तुझ्या बापसानं पण देवाच्या पायाशीच ठेवलंन होतं. नको असंल तर हायवे मोकळा हाय."

ही त्या अड्ड्याची रीत होती, रावजीशेठच्या वडिलांपासूनची. नवा ड्रायव्हर आला की भिंतीवरच्या ग्रामदेवतेच्या फोटोपुढं नारळ ठेवायचा, नारळाशेजारी लायसन ठेवायचं, आणि शेठनी गाऱ्हाणं घालायचं. प्रत्येक मागणीला सगळ्या ड्रायव्हरांनी एका गळ्यानं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मग नारळ फुटायचा, खोबरं सगळ्यांना जायचं, आणि देवाच्या पायाशी ठेवलेलं लायसन शेठच्या ड्रॉवरात जायचं. शेठला नाही म्हणता येतं. देवाला कोण नाही म्हणतो?

तुळसा त्या फोटोकडं बघत राहिली. बाहेर निळी गाडी चार बोटांवर उभी होती. दोन कंपन्या झाल्या होत्या. ही सोडली तर स्टँडवर सातवा नंबर वाट बघतच होता, नऊ पेढे खाल्लेल्या तोंडांसकट. तिनं खिशातनं कार्ड काढलं आणि नारळाशेजारी ठेवलं.

"देवाला दिलं," ती म्हणाली. "घाला गाऱ्हाणं."

रावजीशेठनी डोक्यावर टोपी घातली. हात जोडले. आवाज एकदम जुना झाला, देवळातल्यासारखा.

"बा देवा म्हाराजाऽ! आज ही लवूची लेक तुळसा तुझ्या पायाशी उभी हाय, तिला तुझी म्हणून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अकरा गळे.

"तिच्या टायराला खिळा नको, तिच्या पेटीला डाग नको, घाटात धुकं आलं तर तू फुडं दिवा धर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. शेठचा हात सवयीनं कार्डाकडं गेला.

"थांबा शेठ. माझं पण एक हाय."

"तुझं काय?"

"गाऱ्हाणं. देव माझा पण हाय ना?"

"बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायचं?"

"आता तर म्हणालात, बाई-बाप्या कळत नाय. गाडी चालते तर तोंड चालत नाय?" आणि कोणी हो-नाही म्हणायच्या आत तिनं हात जोडले. आवाज असा लावला की हुबेहूब शेठचा. तोच जुनेपणा, तीच खाली उतरती ओढ. आधी तिनं घसापण खाकरला.

"बा देवा म्हाराजाऽ! शेठच्या धंद्याला बरकत येऊ दे, अकराच्या बावीस गाड्या होऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जोरातच आलं. शेठही सुखावले.

"ह्या सगळ्या पोरांची चाकं सुखानं फिरू दे, कोणाचा टायर फुटलाच तर चहाच्या टपरीजवळ फुटू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽ!" शिवानं तर हात वर करून.

"घरच्या गणपतीला ज्याचा तो घरी पोचू दे, कोणाला आपला देव पाण्यात भेटू नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे थोडं खोलातनं आलं.

"ज्याचा नारळ त्याला प्रसाद मिळू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ज्याचं लायसन त्याच्याच खिशात जाऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!"

गेलं. अकरा गळ्यांतनं, एका दमात, देवाच्या फोटोसमोर. जीभ पुढं गेली आणि डोकं मागनं धावत आलं. शिवानं तोंडावर हात ठेवला. पण झाकून काय उपयोग, शब्द केव्हाच बाहेर येऊन भिंतीला लागला होता.

तुळसानं कार्ड उचललं आणि खिशात घातलं. निवांत.

"ही बदमाशी झाली," रावजीशेठ म्हणाले. 'काय?' लावायचे विसरले.

"बदमाशी वाटत असंल तर उलटं गाऱ्हाणं घाला की शेठ. म्हणा, 'लायसन माझ्या ड्रॉवरातच ऱ्हाऊ दे रे म्हाराजा.' बघूया कोण व्हय म्हणतंय."

शेठनी टोपी नीट केली. हात जोडले. घसा खाकरला. "बा देवा..." फोटोकडं बघितलं. मग पोरांकडं बघितलं. पोरं जमिनीकडं बघत होती, अकराच्या अकरा, जणू तिथं नाणं पडलंय. शेठ परत म्हणाले, "बा देवा म्हाराजा..." आणि त्यापुढं त्यांचा गिअर पडेना. आयुष्यभर देवासमोर दुसऱ्यासाठी मागणाऱ्या माणसाची जीभ आपल्या ड्रॉवरासाठी मागायला वळली नाही.

"शेठ," शिवा हळूच म्हणाला, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. "आता बोललाव आमी देवासमोर. माझं पण वाईच द्या."

"माझं पण."

"ता काय, वरच दिसतंय माझं."

रावजीशेठनी ड्रॉवर उघडला. रबर लावलेली कार्डांची जुडी निघाली. एकेक नाव घेऊन ते कार्ड टेबलावर टाकत गेले, पत्ते वाटावेत तसे, तोंड कडू करून. जुडी संपली आणि तळाशी राहिलं एक जुनं पुस्तकी लायसन, कोपरे वाळवीनं कुरतडलेलं. शेठनी ते उघडलं.

"लवू धाकू गोताड," त्यांनी वाचलं. मग तुळसाकडं न बघता पुढं केलं. "मागितलं असतंन तर दिलं असतं मी. कधी मागितलंच नाय त्यानं."

"ठाव हाय शेठ. म्हणून मी मागितलं."

तिनं ते घेतलं. दारापर्यंत गेली. रावजीशेठचा घसा मागं सुरू झाला. "आणि गाडी? काय? का आता तुझं काम झालं?"

तुळसा वळली. "गाडी तर घेणारच. आत्ता कुठं तुमची कंपनी मला पसंत पडली."

"आणि सीझनमध्ये सोडून गेलीस तर?"

"चांगली ठेवलीत तर जाईन कशाला? आणि वाईट ठेवलीत तर ड्रॉवरानं थांबणार होते काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास लांज्याच्या स्टँडसमोर एक निळा ट्रक येऊन लागला, काजूच्या गोणी भरायला जाताना. हॉर्न असा वाजला की सातव्या नंबरच्या मोकळ्या जागेत झोपलेलं कुत्रं उठून चालतं झालं. नऊ रिक्षावाले उभे राहिले. चौकातला वाहतूक पोलीसही पुढं आला. कोण बाई एवढी गाडी घेऊन स्टँडला लागतेय?

"लायसन?"

तुळसानं खिडकीतनं हात बाहेर काढला. फोन नाही. कार्ड. त्यानं उलटसुलट बघितलं आणि परत दिलं.

बदामाखालच्या बाकावर लवूअण्णांचा हात खाकी बघून आपोआप खिशावर गेला होता. या वेळी खाली आला नाही. ते उठले, रस्ता ओलांडला, आणि खिशातलं वाळवी लागलेलं पुस्तक काढून पोलिसासमोर धरलं.

"काका, तुमचं कोण मागतंय?"

लवूअण्णांचं इंजिन आज पहिल्या सेल्फला लागलं. "ऱ्हाऊ दे. बघ तरी."

पोलिसानं पुस्तक उघडलं. आतमध्ये काळ्या मिशांचा एक तरणा माणूस रागानं बघत होता. "संपलंय हे, काका."

"ठाव हाय मला. बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग दे."

त्यांनी ते खिशात घातलं, वरनं दोनदा थापटलं, आणि ट्रकच्या मागं जाऊन पत्र्यावर हात मारला. "जाऊ दे गो, जाऊ देऽऽ!"

आणि या वेळी तुळसानं त्यांना गप राहायला सांगितलं नाही.